वैद्यकाचा जनक हिप्पोक्रेटिसच का? मग इजिप्तवाल्यांचं काय?

रानजाई
शाळेपासून ऐकत आलेय, हिप्पोक्रेटिस हा वैद्यकशास्त्राचा जनक. लेकीच्या क्लासच्या नोट्समध्येही पहिल्याच पानावर तेच. सध्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्तमधल्या वैद्यकावरच्या गुंडाळीचं भाषांतर वाचतेय आणि या 'जनक' प्रकरणावरचा माझा विश्वास उडत चाललाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने १८६२ मध्ये लक्सरला ही गुंडाळी विकत घेतली. जेम्स हेन्री ब्रेस्टेडने १९३० मध्ये तिचं भाषांतर छापलं. गुंडाळी साधारण इ.स.पू. १६०० ची, पण भाषा त्याहून बरीच जुनी, म्हणजे ही कुठल्यातरी आधीच्या पोथीची नक्कल. एकूण ४८ केसेस, बहुतेक जखमा आणि मोडलेली हाडं. डोक्यापासून सुरू करून नाक, जबडा, मान, छाती असं खाली येत पाठीच्या कण्यापाशी लेखनिकाने चक्क वाक्याच्या मध्येच हात थांबवलाय. प्रत्येक केसमध्ये आधी तपासणी, मग निदान, मग उपचार. आणि निदानाबरोबर तीनपैकी एक निकाल: 'हा आजार मी बरा करीन', 'याच्याशी मी झुंजेन', 'यावर उपचार करायचा नाही'.

केस ६ मध्ये कवटी फुटून मेंदू उघडा पडलाय. लिहिणारा म्हणतो, वितळलेल्या तांब्यावर सुरकुत्या येतात तशा वळ्या दिसतील, आणि बोटाखाली थडथडेल, तान्ह्या बाळाची टाळू भरण्याआधी थडथडते तसं. ज्याने हे लिहिलं त्याने बोट लावून पाहिलंय हो!

हिप्पोक्रेटिस हा ग्रीक, जन्मला इ.स.पू. ४६० च्या सुमाराला. म्हणजे हजाराहून जास्त वर्षांनी. मग ग्रीकांनी नवीन काय केलं? जाणकारांनी लिहावं.

(आयुर्वेद विरुद्ध इतर हा वाद इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत.)

तिरकस_तात्या
शेवटचा कंस वाचून गहिवरलो. चौथ्या प्रतिसादापर्यंत थांबा. तोवर मी चहा टाकतो.

हाडवैद्य
रानजाईताई, केस २५ वाचलीत का? जबडा निखळलाय, तोंड उघडं राहिलंय, मिटता येत नाही. पपायरस सांगतो, दोन्ही अंगठे तोंडात घालून खालच्या जबड्याच्या दोन टोकांवर ठेवा, बाकीची बोटं हनुवटीखाली धरा आणि मागे ढकला, जागेवर बसेल.

परवा रात्री कॅज्युअल्टीत मी हेच केलं. कॉलेजचा पोरगा, जांभई देता देता अडकलेला. लाळ गळतेय, बोलता येत नाही, आई रडतेय कारण तिला वाटलं लकवा मारला. अंगठ्यांना गॉज गुंडाळला (हे विसरायचं नाही, जबडा बसला की दात खाडकन मिटतात), खाली दाबून मागे सरकवला, टक्. पोराचं पहिलं वाक्य, 'पाणी.' साडेतीन हजार वर्षांत त्यात भर पडली ती गॉजची आणि गरज पडल्यास इंजेक्शनची.

केस ३१ तर अंगावर काटा आणते. मानेचा मणका सरकलाय, हातापायांची जाणीव गेलीय, लघवी नकळत ठिबकतेय. निकाल: उपचार करायचा नाही. आमच्या इंटर्नच्या केसपेपरवर इतकं स्वच्छ लिहिलेलं मला क्वचित दिसतं.

अनाहत_नाद
कंस वाचला, तरी लिहितो. ग्रीकांचे चार दोष म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. आपले वात, पित्त, कफ. हे साम्य योगायोगाने आलं असं मानायचं? मूळ इथलंच आहे. पाश्चात्त्यांनी श्रेय दिलं नाही, नेहमीप्रमाणे.

तिरकस_तात्या
चौथा प्रतिसाद. चहा अजून उकळायचाय.

निळावंती
रानजाई, मस्त धागा. ग्रीकांची बाजू मांडते.

पपायरसमध्ये जखमा आहेत, म्हणजे कारण डोळ्यांसमोर असलेले आजार. भिंतीवरून पडला, भाला लागला. तिथे माणूस सरळ विचार करतो. खरी परीक्षा ताप, फेफरं, पोटातलं दुखणं यांची, जिथे कारण दिसत नाही. तिथे इजिप्तचा वैद्य औषधाबरोबर मंत्रही म्हणतो. त्याच सुमाराचा एबर्स पपायरस (सध्या लाइपझिगमध्ये) पाहिला तर आठशेच्या वर नुस्खे आणि सुरुवातच मंत्रांनी. आणि ज्याचं इतकं कौतुक चाललंय त्या स्मिथ पपायरसच्या मागच्या बाजूला साथीच्या रोगांवरचे मंत्र आहेत, शिवाय म्हाताऱ्याला तरुण करायचा लेप.

आता हिप्पोक्रेटिसच्या नावावर जो ग्रंथसंग्रह आहे, त्यातला फेफऱ्यावरचा ग्रंथ घ्या. ग्रीक त्याला 'पवित्र रोग' म्हणत, देवाचा कोप म्हणून. लेखक म्हणतो, हा इतर कुठल्याही रोगाहून जास्त पवित्र वगैरे नाही, याचं मूळ मेंदूत आहे. मांत्रिक रोग्याला सांगत की बकरीचं कातडं पांघरायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, काळे कपडे घालायचे नाहीत, पायावर पाय ठेवायचा नाही. यावर लेखकाचा टोला असा की मग लिबियातल्या लोकांना हा रोग घरटी व्हायला हवा, त्यांचं अंथरूण-पांघरूण बकरीच्या कातड्याचंच असतं! आणि पुढे म्हणतो, फेफरं आलेल्या बकरीचं डोकं फोडून बघा, मेंदू पाण्याने भरलेला आणि घाण वासाचा सापडेल.

त्याचं स्वतःचं स्पष्टीकरण (कफ शिरांमध्ये उतरतो) साफ चूक आहे. पण तो समोरच्याशी भांडतोय, पुरावा मागतोय. इजिप्तच्या कागदात मला हे भांडण सापडत नाही.

विक्षिप्त_वाचक
+१ निळावंती.

अनाहत, साम्य आहे, नाकारत नाही. त्याच संग्रहात सगळ्या रोगांचं मूळ 'वारा' मानणारा आख्खा एक ग्रंथही आहे. तुम्हाला आवडेल. पण कुणी कुणाकडून घेतलं हे साम्यावरून ठरत नाही. वस्तूंचा माग निघतो, कारण वस्तू सापडतात. इजिप्तचा राजा रामसेस दुसरा इ.स.पू. १२१३ मध्ये मेला, त्याच्या ममीच्या नाकात मिरे सापडलेत. मिरे आले आपल्या मलबारकडूनच. हिप्पोक्रेटिसच्या संग्रहातही मिऱ्याचा उल्लेख भारतातलं औषध म्हणून येतो. म्हणजे माल जात होता. मालाबरोबर सिद्धांत गेला का, हे दाखवणारा कागद दाखवा, मी पहिला टाळ्या वाजवीन.

सिस्टर_इंदू
मी फार शिकलेली नाही, ३० वर्षं वॉर्डात काढली. रानजाई, तुम्ही सांगितलेली केस ६ माझ्या मुलाने मला वाचून दाखवली. निकाल 'उपचार करायचा नाही' आहे, पण त्याच्या खाली सूचना आहेत! जखमेला चरबी लावा, पट्टी बांधू नका, आणि तो इकडचा की तिकडचा हे कळेपर्यंत थांबा. म्हणजे सोडून नाही दिलेलं. याला आम्ही नर्सिंग म्हणतो.

आणि जखमेवर मध. पहिल्या दिवशी ताजं मांस बांधायचं, नंतर रोज चरबी, मध आणि धाग्यांचा बोळा. बेडसोअरवर मधाचं ड्रेसिंग मी स्वतः केलंय, आता तयार निर्जंतुक पट्ट्याही मिळतात. मधात पाणी इतकं कमी की जंतूंना जगता येत नाही, शिवाय तो आंबट असतो आणि जखमेच्या ओलाव्यात त्यातून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत राहतं. स्वयंपाकघरातली बाटली उचलून लावू नका मात्र. आधीच सांगते, कारण तसं करून आलेले पेशंट धुता धुता हात दुखलेत.

खानदेशी_ठेचा
एबर्स पपायरसात नारूवरचा इलाज असावा असं बरेच अभ्यासक मानतात. तरुण मंडळींना नारू माहीत नसेल. आमच्या आजोबांच्या पायातून निघालेला, त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

बारवेचं, पायविहिरीचं पाणी प्यायलं की त्यातल्या बारीक किड्यांबरोबर अळी पोटात. वर्षभराने पायाला फोड, आग आग होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि फोडातून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. मग तो काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, हळूहळू. हिसका दिला आणि तुटला की पाय सडला म्हणून समजा. आजोबा महिनाभर ओट्यावर, पायाला काडी बांधलेली. गावात हे काम न्हावी करायचा.

औषध असं शेवटपर्यंत सापडलंच नाही. नारू गेला तो पाणी कापडाने गाळून प्यायला लावल्याने आणि पायविहिरी बंद केल्याने. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात, २००० साली आपण नारूमुक्त जाहीर झालो. म्हणजे नाईलकाठची काडी आमच्या ओट्यावर पार परवापरवापर्यंत चालू होती.

हाडवैद्य
ठेचाभाऊ, नमस्कार घ्या. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून लिहा.

मोहोळ
इतक्या चर्चेत मेरिट-प्ताहचं नाव नाही? जगातली पहिली स्त्री डॉक्टर, इजिप्तची, इ.स.पू. २७००! आमच्या ग्रुपवर महिला दिनाला फोटोसकट आलं होतं.

निळावंती
मोहोळ, ती बाई बहुधा अस्तित्वातच नव्हती. २०१९ मध्ये एका संशोधकाने शोधून काढलं की १९३० च्या दशकातल्या एका इतिहासाच्या पुस्तकात नावांची गल्लत झाली आणि ती सगळीकडे पसरली. पण वाईट वाटून घेऊ नका, जिच्यामुळे गल्लत झाली ती पेसेशेट खरीच आहे. पिरॅमिडच्या काळातली, गिझाच्या एका थडग्यात तिचा उल्लेख आहे. पदवी: 'स्त्री वैद्यांची देखरेख करणारी'. म्हणजे हाताखाली आणखी वैद्य बायका होत्या!

तिरकस_तात्या
रामसेसचा विषय निघालाच आहे तर माझं आवडतं पत्र. आजच्या तुर्कस्तानातला हित्ती राजा हत्तुशिली तिसरा याने रामसेसला लिहिलं, माझ्या बहिणीला मूल होत नाही, तुमच्याकडचा चांगला वैद्य पाठवा. इजिप्तच्या डॉक्टरांचं नाव तेव्हा सगळीकडे होतं. रामसेसचं उत्तर मातीच्या विटेवर कोरलेलं तुर्कस्तानात सापडलंय. आशय असा: तुझी बहीण ना? मी ओळखतो तिला. ती पन्नाशीची, छे, साठीची आहे म्हणतात! तिला मूल होईल असं औषध कुणी बनवू शकत नाही. तरी देवाच्या मनात असेल तर, एक मांत्रिक आणि एक वैद्य पाठवतो.

दोन राजांच्या पत्रव्यवहारात बहिणीचं वय काढणारा हा पहिलाच असावा. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत एवढ्यावरून पाहुणे उठून गेले असते.

विक्षिप्त_वाचक
तात्या, मांत्रिक आणि वैद्य दोघं एकदम पाठवले, हेच खरं इजिप्त. त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती.

आणि ग्रीकांचं तरी काय? हिप्पोक्रेटिसच्याच काळात ऍस्क्लेपियस या रोग बरे करणाऱ्या देवाच्या देवळांत रोगी झोपायला जात होते. अथेन्सने तर भयंकर साथ येऊन गेल्यावर, इ.स.पू. ४२० मध्ये, या देवाला मुद्दाम आणून बसवलं. आपण ग्रीकांचं निवडक वाचतो आणि इजिप्तचं सगळं वाचतो, मग एक शहाणे दिसतात आणि दुसरे भोळे.

बोरीबंदर
ग्रीसमधल्या एपिडॉरसला, ऍस्क्लेपियसच्या ठाण्याला, मी जाऊन आलोय. टूरवाले ते प्रसिद्ध नाट्यगृह दाखवतात, मधोमध उभं राहून नाणं टाकतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि बस सुटते. पण शेजारी देऊळ आणि रोग्यांनी झोपायची ओसरी आहे, तिथे कुत्रंही फिरकत नाही. रात्री तिथे झोपायचं, देव स्वप्नात येऊन इलाज करणार, सकाळी बरं होऊन निघायचं. बरे झालेल्यांच्या गोष्टी दगडावर कोरून लावलेल्या, त्या संग्रहालयात वाचायला मिळतात.

त्यातली अथेन्सची अँब्रोसिया. एका डोळ्याने आंधळी. आवारात फिरताना या गोष्टींवर हसली, म्हणे लंगडे-आंधळे नुसत्या स्वप्नाने कसे बरे होतील? रात्री देव स्वप्नात आला. म्हणाला, बरी करतो, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. मग डोळा चिरून औषध ओतलं. सकाळी दिसायला लागलं.

कोरिंथच्या देवळात मातीचे हात, पाय, कान ढिगाने सापडलेत. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय घेतले असतील तर हे बघून काही परकं वाटत नाही. आमच्या गावच्या देवीला चांदीचे डोळे वाहतात. डुक्कर मात्र कुणी वाहिल्याचं ऐकलं नाही.

अनाहत_नाद
विक्षिप्त, कागद तुम्ही मागता, पण नालंदा जाळल्यावर कागद राहणार कुठून? असो, रानजाईताईंचा धागा आहे, इथेच थांबतो. एक मात्र सांगा, ग्रीक वैद्य इजिप्तकडून शिकले याचा तरी कागद आहे का? की तिथे साम्य चालतं?

निळावंती
अनाहत, प्रश्न रास्त आहे. थोडा कागद आहे. होमरच्या 'ओडिसी'त इजिप्तची भूमी औषधी वनस्पतींची आणि तिथला प्रत्येक माणूस वैद्य असं म्हटलंय. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, तिथे एकेका रोगाचा वेगळा वैद्य असतो, डोळ्यांचा, दातांचा, पोटाचा. म्हणजे आदर होता. सिद्धांत घेतला का, हे तिथेही सिद्ध करणं कठीणच.

हेरोडोटसचीच एक गोष्ट. पर्शियाचा राजा डॅरियस शिकारीत घोड्यावरून उतरताना त्याचा घोटा निखळला. दरबारात इजिप्तचे नामांकित वैद्य. त्यांनी जोर लावून पिरगाळला, राजाला सात रात्री झोप नाही. आठव्या दिवशी क्रोटनचा डेमोसिडीस हा ग्रीक वैद्य बंदिवानांतून आणला, पायात बेड्या, अंगावर चिंध्या. त्याने हळुवार उपचारांनी बरा केला. राजाने खूश होऊन बक्षीस काय द्यावं? सोन्याच्या बेड्यांच्या दोन जोड्या! डेमोसिडीस म्हणाला, बरं केलं म्हणून माझं दुःख दुप्पट करताय होय? इजिप्तच्या वैद्यांना सुळावर देणार होते, त्यांना यानेच रदबदली करून वाचवलं.

हाडवैद्य
सांगणारा ग्रीक, जिंकणारा ग्रीक, माफ करणारा ग्रीक. जबडा असा अचूक बसवणाऱ्यांच्या देशातून आलेले लोक घोटा पिरगाळत बसले? माझा नाही विश्वास.

सिस्टर_इंदू
हाडवैद्यसाहेब, पुस्तक चांगलं असलं म्हणून हात चांगला असतोच असं नाही. मी नावं घेत नाही.

हाडवैद्य
:)) मान्य.

विक्षिप्त_वाचक
एक मुद्दा सुटतोय. इजिप्तने दोन-अडीच हजार वर्षं माणसं चिरली, ममीसाठी. मेंदू नाकातून काढला, हृदय आत ठेवलं. तरी त्यांच्या वैद्यकात शरीराचा नकाशा धूसरच राहिला. हृदयापासून सगळीकडे नळ्या जातात हे त्यांना कळलं, पण त्याच नळ्यांतून रक्त, अश्रू, लघवी, सगळं वाहतं असं मानलं. कारण चिरणारा वेगळा आणि वैद्य वेगळा. ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो, प्रेताला पहिली चीर देणारा माणूस काम झालं की पळत सुटायचा आणि लोक त्याच्यामागे दगड मारत धावायचे. त्याला कोण विचारणार, आत काय दिसलं रे?

मग इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि इरासिस्ट्रॅटस या ग्रीकांनी प्रेतं चिरून पाहिली. हिरोफिलसने नाडी मोजायला पाण्याचं घड्याळ वापरलं. रानजाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. ग्रीक डॉक्टर, पण इजिप्तची जमीन. ग्रीसमध्ये प्रेताला हात लावणं शक्य नव्हतं, अलेक्झांड्रियात राजाने परवानगी दिली. (जिवंत कैदीही चिरले असं रोमन लेखक सेल्सस लिहितो. त्यामुळे फार टाळ्या नकोत.)

बोरीबंदर
आणि ग्रीकांचं वैद्यक संपलेलं नाही हं. गेलन या ग्रीक वैद्याचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाकने अरबीत नेले, तिथून ते युनानी होऊन आपल्याकडे आले. महंमद अली रोडला हकीमसाहेबांकडे जा, ते मिजाज (प्रकृती) विचारतील आणि दम, बलगम, सफरा, सौदा यांचा हिशेब सांगतील. तेच चार दोष. मालेगावला त्याचं कॉलेज आहे. चरकाच्या देशात हिप्पोक्रेटिसला सरकारी पदवी मिळते, अथेन्समध्ये मिळत नाही.

खानदेशी_ठेचा
डॉक्टरांच्या शपथेचं काय? २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हिप्पोक्रेटिसऐवजी चरक शपथ सुचवली त्यावरून केवढा गदारोळ झाला होता.

हाडवैद्य
मूळ शपथ किती जणांनी वाचलीय? त्यात मुतखड्यासाठीसुद्धा चाकू लावणार नाही, ते काम त्यातल्या लोकांवर सोपवीन, असं कलम आहे. गुरूच्या मुलांना फुकट शिकवीन असंही. आणि 'आधी अपाय करू नका' हे लोकप्रिय वाक्य तशा रूपात शपथेत नाहीच. 'मदत करा, निदान अपाय तरी करू नका' हे त्याच संग्रहातल्या साथींवरच्या ग्रंथात येतं.

तो साथींचा ग्रंथ मात्र मला ग्रीकांच्या बाजूला ओढतो. पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून ४२ रुग्णांच्या नोंदी आहेत. थासोस या ग्रीक बेटावरचा फिलिस्कस, तटबंदीपाशी राहणारा. रोजचा ताप, घाम, झोप, लघवीचा रंग. श्वास कसा, तर मधेच आठवण झाल्यासारखा, विरळ आणि मोठा. मरणाआधीचा तो श्वास मी पाहिलाय, वर्णन तंतोतंत आहे. सहाव्या दिवशी दुपारी गेला. ४२ पैकी २५ गेले आणि लेखकाने ते सगळे लिहून ठेवले. पपायरसमध्ये रुग्णाला नाव नाही, तो घरी गेला की वर गेला हे कळत नाही.

सिस्टर_इंदू
नाव नाही कारण ते शिकवायचं पुस्तक आहे, केसपेपर नाही. नर्सिंगच्या पुस्तकातही पेशंटला नाव नसतं. त्यावरून कोण मोठं ते नका ठरवू.

रानजाई
सिस्टर, हा मुद्दा मला पटला. हाडवैद्य, तुमचाही अर्धा पटला. लेकीला विचारलं, परीक्षेत जनक कोण लिहिशील? म्हणाली, 'आई, एक मार्काचा प्रश्न आहे, हिप्पोक्रेटिस लिहून पुढे जायचं.'

अनाहत_नाद
लेक हुशार आहे. निळावंती, एक शेवटचं. डॅरियसचं राज्य सिंधूपर्यंत होतं. दरबारात इजिप्तचे वैद्य, ग्रीसचा वैद्य. आपला कुणीच नसेल?

निळावंती
असू शकेल, हेरोडोटस सांगत नाही. पुढे त्याच पर्शियन दरबारात टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता, त्याने भारतावर पुस्तकही लिहिलं. डॉक्टरनेच लिहिलेलं, म्हणून मी मोठ्या आशेने वाचायला घेतलं. त्यातलं जे काही उरलंय त्यात कुत्र्याच्या डोक्याची माणसं आहेत आणि एका पायावर उड्या मारणारी आहेत. वैद्याशी गप्पा मारल्याचं मला तरी त्यात सापडलं नाही.